वाचकाची तक्रार आणि संपादकाचें उत्तर

कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतींत, जिला आपण सारे नुसतें ‘एमआयडीसी’ म्हणतों, आपल्यापैकीं पुष्कळ विद्यार्थ्यांचे वडील, काका, आणि कांहींच्या मातोश्रीहि नित्य कामास जातात. त्यांपैकीं ज्यांचें काम फौंड्रींत आहे, त्यांच्या घरीं ‘रिजेक्शन’ हा शब्द कोणास समजावून द्यावा लागत नाहीं. इतरांसाठीं थोडें सांगतों. वितळलेलें लोखंड वाळूच्या साच्यांत ओततात. तें निवालें म्हणजे साचा फोडून आंतील वस्तु काढतात. तिला कास्टिंग म्हणावयाचें. हा माल पुढें मोटारींच्या, पंपांच्या किंवा इंजिनांच्या कारखान्यांत जातो. तेथें तो मशीनवर चढतो, वरचा थर निघतो, आणि एखाद्या तुकड्याच्या पोटांत अकस्मात् पोकळी दिसते. बाहेरून तुकडा सुंदर. आंत मात्र वाटाण्याएवढें छिद्र. असा तुकडा परत येतो आणि त्याबरोबर एक चिठ्ठी येते. तींत लिहिलेलें असतें: हीट नंबर अमुक, संख्या अमुक, दोष अमुक ठिकाणीं.

या चिठ्ठीचें पुढें काय होतें, हें आपल्या वडिलांना अवश्य विचारावें. हीट नंबर म्हणजे ज्या ओतणीचें तें लोखंड, तिचा क्रमांक. त्यावरून त्या दिवसाची वही काढतात. वाळूंत ओल अधिक झाली होती काय? ओल अधिक झाली तर तिची वाफ होते, वाफेला वाट मिळाली नाहीं तर ती लोखंडांत अडकते, आणि पोकळी राहते. लोखंड पुरेसें तापलें नव्हतें काय? तसें असेल तर दोन बाजूंनीं आलेले ओघ एकमेकांत न मिसळतां नुसते चिकटून राहतात, आणि तेथें पुढें चीर जाते. शहाणा फौंड्रीवाला त्या चिठ्ठीवर रागावत नाहीं. ज्या गिऱ्हाइकानें ती लिहिण्याची तसदी घेतली, तें अद्याप आपलें आहे, हें तो जाणतो. ज्याला आपली गरज उरली नाहीं, तें गिऱ्हाईक चिठ्ठी पाठवीत नाहीं. तें मुकाट्यानें दुसरीकडे जातें.

वर्तमानपत्राचा संपादक हाहि एका अर्थानें ओतारीच होय. दिवसभराच्या घडामोडींचा कच्चा माल त्याच्याकडे येतो, तो वितळवून त्याला शब्दांच्या साच्यांत ओतावयाचा असतो, आणि तेंहि घाईनें. त्याच्या मालांत पोकळी राहिली म्हणजे वाचकाचें पत्र येतें. तें त्यानें कसें घ्यावें, हा या लेखाचा विषय आहे. विषय लहान दिसतो. तो किती मोठा आहे हें कळण्यासाठीं पुढील प्रसंगाची कल्पना करून पाहा.

समजा, पावसाळ्यांतील एका सायंकाळीं एखाद्या वृत्तपत्राच्या मोबाइलवरील बातम्यांत ओळ येते: ‘कागल एमआयडीसींत भट्टीचा स्फोट; दोन कामगार ठार.’ दुसऱ्या पाळीचे लोक दुपारींच आंत गेलेले. त्यांचे फोन कपाटांत कुलुपांत. कसबा सांगाव, हुपरी, यळगूड, तळंदगे या गांवांतून ती ओळ पांच मिनिटांत घरोघर पोंचते. एक माउली धाकट्याला शेजारणीकडे टाकून, चपला न घालतां, कारखान्याच्या फाटकाकडे धांवते. फाटकापाशीं तिच्यासारख्या आणखी पन्नास जणी. आंतून कोणी कांहीं सांगत नाहीं, कारण आंत कांहीं घडलेलेंच नाहीं. तासाभरानें कळतें कीं, स्फोट झालाच नव्हता. भट्टींतून ठिणग्या उसळून दोघांचे हात भाजले होते, त्यांना मलमपट्टी करून घरीं पाठविलें होतें, आणि तो कारखानाहि कागलचा नव्हता. त्या एका तासांत फाटकावर उभ्या असलेल्या बायांनीं जें भोगलें, तें परत कोणी घेऊं शकत नाहीं.

रात्रीं त्या माउलीचा भाऊ संपादकाला लिहितो. त्याची भाषा गोड नसते. तशी ती असावी अशी अपेक्षा तरी कोणीं कां करावी? आतां संपादकापुढें अनेक वाटा आहेत. सर्वांत सोपी वाट म्हणजे ती ओळ गुपचूप बदलून टाकणें. कागदावर छापलेला अंक निदान घराघरांत उरतो आणि चुकीची साक्ष देतो. पडद्यावरील ओळ मात्र मागील दारानें येऊन पुसतां येते, व नंतर ‘आम्हीं असें कधीं म्हटलेंच नव्हतें’ असें निर्धास्तपणें सांगतांहि येतें. दुसरी वाट म्हणजे पत्रलेखकाच्या भाषेवर बोट ठेवून त्याच्या मुद्द्याला बगल देणें. तिसरी वाट, ‘आम्हांस अशीच माहिती मिळाली होती’ असें म्हणून दोष माहिती देणाऱ्याच्या माथीं मारणें. फौंड्रीवाल्यानें ‘वाळूवाल्यानें अशीच वाळू दिली’ असें गिऱ्हाइकास कळविण्यासारखेंच हें झालें. वाळू ज्यानें साच्यांत भरली, जबाबदारी त्याची.

येथें फौंड्री आणि छापखाना यांतील एक मोठा भेद सांगितला पाहिजे. सदोष कास्टिंग पुन्हां भट्टींत टाकून वितळवितां येतें. बातमी वितळवितां येत नाहीं. सायंकाळीं सहा वाजतां ज्यानें ती वाचली, तो रात्रीं नऊ वाजतां पुन्हां तें पान उघडीलच असें नाहीं. तो खोटी गोष्टच खरी समजून झोपीं जातो, आणि सकाळीं पांच जणांना सांगतो. म्हणून दुरुस्ती छापावयाची ती चूक जेथें व जेवढ्या मोठ्या अक्षरांत झाली तेथें व तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. पहिल्या पानावर ठार मारलेल्या माणसास सातव्या पानाच्या कोपऱ्यांत जिवंत करणें ही दुरुस्ती नव्हे.

हा प्रश्न मोबाइलबरोबर जन्मास आला, असें मात्र कोणीं समजूं नये. मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासांत चुकीच्या कबुलीचा जो सर्वांत प्रसिद्ध प्रसंग आहे, तो आपल्या कोल्हापूरशीं आणि थोडासा कागलशींहि निगडित आहे. आपल्या क्रमिक पुस्तकांतून त्याचा तुरुंगवासाचा भाग तेवढा सांगतात. मधला भाग, जो मला अधिक महत्त्वाचा वाटतो, तो बहुधा गाळतात. म्हणून तो येथें विस्तारानें देतों.

१८७० सालीं कोल्हापूरचे छत्रपति राजाराम महाराज युरोपच्या प्रवासांत फ्लॉरेन्स येथें निवर्तले. त्यांच्यामागें दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज अल्पवयी होते. त्यांच्या तारुण्यांत त्यांना वेड लागलें आहे, असें इंग्रज सरकारनें ठरविलें व राज्याचा कारभार इतरांच्या हातीं ठेविला. १८८२ सालींच कागलचे अधिपति जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांची राज्याचे रीजंट म्हणून नेमणूक झाली. राजर्षि शाहू महाराज हे यांचेच पुत्र. १८८४ सालीं ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. पण तें पुढचें. आपण ज्या काळाविषयीं बोलत आहों, त्या काळीं महाराष्ट्रभर एकच कुजबुज चालू होती कीं, महाराज वेडे नाहींत. त्यांना वेडे ठरविण्यांत येत आहे, आणि त्यांचा छळ होत आहे.

पुण्यांत त्या वेळीं दोन नवीं वर्तमानपत्रें निघालीं होतीं. जानेवारी १८८१ मध्यें सुरू झालेला मराठी ‘केसरी’ आणि इंग्रजी ‘मराठा’. ‘केसरी’चे संपादक गोपाळ गणेश आगरकर, ‘मराठा’चे बाळ गंगाधर टिळक. दोघांचाहि जन्म जुलै १८५६ मधला, म्हणजे दोघेहि अवघे पंचविशींतले. आणि दोघेहि न्यू इंग्लिश स्कूलमध्यें शिक्षक. या दोन तरुण शिक्षकांनीं कोल्हापूरच्या महाराजांची बाजू हिरीरीनें घेतली, व संस्थानचे कारभारी रावबहादुर महादेव वासुदेव बर्वे यांच्यावर कडक टीका आरंभिली. तेवढ्यांत कांहीं पत्रें उजेडांत आलीं. तीं बर्वे यांच्या हातचीं आहेत व त्यांवरून महाराजांविरुद्धचें कारस्थान सिद्ध होतें, असें सांगण्यांत आलें. पत्रांचा मजकूर प्रसिद्ध झाला. बर्वे यांनीं अब्रुनुकसानीचा खटला भरला. आणि खटल्यांत असें निष्पन्न झालें कीं, तीं पत्रें बनावट होतीं.

विद्यार्थिमित्रहो, येथें क्षणभर थांबा आणि त्या दोघांच्या जागीं स्वतःस कल्पून पाहा. महाराजांवर अन्याय होत आहे, ही तुमची मनोमन खात्री आहे. सारें पुणें तुमच्या बाजूचें आहे. ज्याच्यावर तुम्हीं टीका केली, तो सत्तेचा माणूस आहे, आणि त्याच्यापुढें मान तुकविणें म्हणजे आपल्याच लोकांच्या नजरेंतून उतरणें असें तुम्हांस वाटतें. अशा वेळीं ‘पत्रें खोटीं असलीं म्हणून काय झालें, गोष्ट तर खरी आहे ना!’ असें म्हणण्याचा मोह किती प्रबळ असेल! टिळक व आगरकर यांनीं तसें म्हटलें नाहीं. पत्रें बनावट असल्याचें कळल्यावर उभयतांनीं आपली चूक मान्य करून दिलगिरी प्रकट केली. खटला तरीहि थांबला नाहीं. १७ जुलै १८८२ रोजीं दोघांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी येथील तुरुंगांत ती भोगून, सूट मिळून, २६ ऑक्टोबर रोजीं ते सुटले. आगरकरांनीं त्या १०१ दिवसांची हकीकत पुस्तकरूपानें लिहून ठेविली आहे. वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांनीं ती वाचावी.

सुटून आल्यावर लोकांनीं त्यांचा मोठा सत्कार केला, हें सर्वांस ठाऊक आहे. मला स्वतःला त्या सत्काराहून ती दिलगिरी मोठी वाटते. सत्कार लोकांनीं केला. दिलगिरी त्यांना स्वतःलाच करावी लागली. शिवाय, तिच्यामुळें ‘केसरी’ची पत कमी झाली असेंहि दिसत नाहीं. चूक कबूल केल्यानें वर्तमानपत्रावरील विश्वास उडतो, अशी भीति पुष्कळ संपादकांस वाटते. कोल्हापूर प्रकरण तिला चोख उत्तर आहे.

मग त्यांची चूक नेमकी कोणती? कारभाऱ्यावर टीका केली, ही नव्हे. महाराजांविषयींची लोकांची काळजी सर्वस्वी अनाठायीं नव्हती, हेंहि पुढें दुर्दैवानें दिसून आलें. डिसेंबर १८८३ मध्यें अहमदनगर येथें, त्यांच्यावर देखरेखीसाठीं ठेविलेल्या ग्रीन नांवाच्या गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटींत त्यांचा अंत झाला. बाजू खरी होती. कागद खोटा होता. आणि कागद तपासला गेला नाहीं, कारण तो मनांतल्या संशयाला दुजोरा देत होता. जें आपल्या मताविरुद्ध आहे, तें आपण दहा वेळां उलटून पाहतों. जें आपल्या मतास अनुकूल आहे, तें पाहतांच छापावयास देतों. वाळू नेहमींच्या दुकानची आहे म्हणून ओल न मोजतां साचा भरावा, त्यांतलाच हा प्रकार. त्या माउलीच्या गोष्टींतील बातमीदाराचेंहि बहुधा असेंच झालें असेल: एमआयडीसींत अपघात होतात, हें त्याच्या डोक्यांत आधींच होतें, एक फोन आला, आणि त्यानें पुढें विचारलें नाहीं.

या खटल्यांतील आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. तरुण संपादकांना जामिनाची अडचण पडली तेव्हां सत्यशोधक समाजाचे रामशेट बापूशेट उरवणे हे, जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून, दहा हजार रुपयांच्या जामिनासाठीं पुढें आले. आतां, ‘केसरी’च्या संस्थापकांपैकीं विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं आपल्या ‘निबंधमालें’त याच फुल्यांच्या लेखनाची किती तिखट हजेरी घेतली होती, हें ज्यांना माहीत आहे त्यांना या मदतीचें मोल कळेल. टीका ही टीका, आणि संकट तें संकट. या दोहोंची गल्लत फुल्यांनीं केली नाहीं.

इतकें वाचून कोणास वाटेल कीं, वाचकानें टीका केली कीं संपादकानें मान खालीं घालावी, असें या लेखकाचें म्हणणें दिसतें. तसें मुळींच नाहीं. त्यासाठीं त्याच आगरकरांचें पुढील आयुष्य पाहूं. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर सहकाऱ्यांशीं मतभेद होऊन त्यांनीं १८८७ सालीं ‘केसरी’ सोडला, आणि १८८८ च्या ऑक्टोबरांत ‘सुधारक’ हें स्वतंत्र पत्र काढलें. त्याच्या इंग्रजी बाजूचें काम गोपाळ कृष्ण गोखले पाहत. बालविवाह, विधवांचें केशवपन, स्त्रियांचें शिक्षण या विषयांवर आगरकर जें लिहीत, त्यानें वाचकवर्ग खवळून उठे. टीका तर झालीच. पुण्यांत लोकांनीं त्यांची जिवंतपणीं प्रेतयात्रा काढली. आपल्याच नांवाची तिरडी आपल्याच गांवांतून जातांना पाहणें, ही कांहीं लहानसहान गोष्ट नव्हे. आगरकरांनीं लेखणी खालीं ठेविली नाहीं; १८९५ सालीं मृत्यूनेंच ती त्यांच्या हातांतून घेतली.

एकच मनुष्य १८८२ सालीं टीकेपुढें नमतो आणि १८८८ नंतर टीकेला जुमानीत नाहीं. यांत विसंगति आहे काय? पुष्कळ मुलांना वर्गांत हा प्रश्न घातला तर तीं ‘होय’ म्हणतात. विचार केल्यावर मात्र भेद ध्यानांत येतो. पहिल्या वेळीं प्रश्न वस्तुस्थितीचा होता: हें पत्र त्या गृहस्थाचें आहे कीं नाहीं? याचें उत्तर एकच, आणि तें संपादकाच्या इच्छेवर अवलंबून नाहीं. दुसऱ्या वेळीं प्रश्न मताचा होता: विधवेचे केस बळानें काढावे कीं काढूं नयेत? येथें हजार वाचकांनीं एका सुरांत ओरडलें तरी मत खोटें ठरत नाहीं. तें खोडावयाचें तर युक्तिवादानें खोडावें लागतें. वस्तुस्थितींत एकटा वाचक बरोबर असेल तर संपादकानें त्या एकट्यापुढें नमावें. मतांत सारे वाचक विरुद्ध असले तरी, युक्तिवाद न आणतां नुसता गलका केला असेल, तर त्यानें नमूं नये. दुबळा संपादक बरोबर याच्या उलट वागतो. गलक्यापुढें मत बदलतो, आणि एकट्याच्या पत्राला केराची टोपली दाखवितो.

टीकेचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो ओळखणें सर्वांत कठीण. कारण तींत छापलेल्या ओळीबद्दल तक्रार नसून न छापलेल्या ओळीबद्दल असते. ‘तुम्ही आमच्याविषयीं लिहितच नाहीं’ ही ती तक्रार. एमआयडीसीचेंच पाहा. करार झाला, नवा कारखाना आला, मंत्री येऊन गेले, किंवा अपघात झाला, म्हणजे तेवढ्यापुरतें तिचें नांव छापलें जातें. तिसरी पाळी संपवून पहाटे घरीं परतणारा मनुष्य दिवसा पत्र्याच्या खोलींत कसा झोपतो, हें कोणत्या पानावर येतें?

आपल्या भाषेंतील पहिलें वर्तमानपत्र म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’, ६ जानेवारी १८३२ रोजीं निघालेलें. त्यांत इंग्रजी व मराठी मजकूर शेजारीं शेजारीं असे, आणि वाचकांच्या पत्रांनाहि जागा असे. पुढें भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकरा’नें तर एका वाचकास वर्षानुवर्षें जागा दिली. ‘लोकहितवादी’ या नांवानें गोपाळ हरि देशमुख यांनीं १८४८ ते १८५० या काळांत त्यांत जीं पत्रें लिहिलीं, तींच ‘शतपत्रें’ होत. तीं ज्या वर्गावर होतीं, त्याच वर्गांतील लोक तें पत्र विकत घेऊन वाचीत. स्वतःच्या गिऱ्हाइकाला खडे बोल सुनावणारें पत्र स्वतःच्याच अंकांत छापणें, हें आजहि सोपें नाहीं. आणि शाळकरी मुलांनीं एक नांव विसरूं नये: मुक्ताबाई. फुल्यांच्या शाळेंत शिकणाऱ्या या मातंग समाजांतील मुलीनें मांगमहारांच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध अमेरिकन मराठी मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्रानें १८५५ सालीं दोन अंकांत छापला. ती तुमच्याच वयाची असावी.

परंतु सर्वांना अशी जागा मिळाली नाहीं. ३१ जानेवारी १९२० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं ‘मूकनायक’ पाक्षिक काढलें, त्यास शाहू महाराजांनीं अडीच हजार रुपयांचें साहाय्य केलें. पैसे देऊं केले असतांहि ‘केसरी’नें त्याची जाहिरात छापण्याचें नाकारलें, असें बाबासाहेबांनीं पुढें लिहून ठेविलें आहे. ज्या ‘केसरी’च्या तरुण संपादकाच्या दिलगिरीचें आतांच कौतुक केलें, तोच हा ‘केसरी’. तोंवर त्याचे हात बदलले होते, हें खरें, परंतु नांव तेंच होतें. चांगल्या वर्तमानपत्राचीहि कांहीं दारें बंद असतात, हें यावरून दिसतें. दार बंद असलें म्हणजे टीकाकाराला स्वतःचेंच घर बांधावें लागतें. ‘मूकनायक’ हें तसें घर होतें. त्यानंतर दोनच महिन्यांत, २१ व २२ मार्च १९२० रोजीं, तेव्हांच्या कागल जहागिरींतील माणगांव येथें अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष आंबेडकर होते, आणि शाहू महाराज जातीनें आले होते. तें माणगांव आज हातकणंगले तालुक्यांत आहे, आणि आपल्या एमआयडीसीपासून फार दूर नाहीं. सहलीसाठीं दूरदूरचीं ठिकाणें शोधणाऱ्या वर्गशिक्षकांनीं याचा विचार करावा.

आतां थोडें आपल्याविषयीं, म्हणजे वाचकांविषयीं. कोल्हापूरच्या प्रकरणांतील खोटीं पत्रें संपादकांनीं स्वतः लिहिलीं नव्हतीं. तीं बाहेरून आलीं होतीं. वाचकहि फसवितो, वाचकहि अर्धवट ऐकून लिहितो, आणि पुष्कळदां तो बातमीवर न रागावतां बातमींतल्या गोष्टीवर रागावलेला असतो. आपल्या गांवाची बदनामी झाली म्हणून खरी बातमीहि खोटी म्हणणारे लोक आपण पाहतों. संपादकाला रोज येणाऱ्या पत्रांत शिव्याच अधिक असतील, तर त्यांतलें एक खरें पत्र त्याच्या नजरेंतून सुटेल, आणि तो सर्वस्वी त्याचाच दोष म्हणतां येणार नाहीं.

म्हणून तक्रार लिहावयाची ती फौंड्रींतल्या चिठ्ठीसारखी लिहावी. कोणत्या दिवसाचा अंक, कोणतें पान, कोणतें वाक्य. त्यांत काय चुकलें. बरोबर काय आहे. आणि तें आपणांस कशावरून ठाऊक आहे. ‘तुमचें पत्र विकलें गेलें आहे’ या वाक्यानें संपादकाला कांहीं तपासतां येत नाहीं. ‘दिनांक अमुकच्या बातमींत कारखाना कागलचा म्हटला आहे, माझे मेहुणे त्या पाळींत होते, तेथें कांहीं घडलें नाहीं’ या वाक्यानें त्याला तपासावेंच लागतें. खालीं स्वतःचें नांव व पत्ता द्यावा. नांव गुप्त ठेवण्यास कारण असेल तर तशी विनंति करावी; कामावरून काढून टाकण्याची भीति हें पुरेसें कारण आहे.

आणि इतकेंहि करून उत्तर आलें नाहीं तर? वर्तमानपत्रांविरुद्ध तक्रार ऐकण्यासाठीं आपल्या देशांत प्रेस काउन्सिल ऑफ इंडिया ही संस्था आहे. तिची प्रथम स्थापना १९६६ सालीं झाली, आणि सध्यांची काउन्सिल १९७८ च्या कायद्यान्वयें चालते. तिच्याकडे जाण्यापूर्वीं तक्रारदारानें आधीं संपादकास लिहिलेलें असावें लागतें, ही अट मला फार शहाणपणाची वाटते. काउन्सिल दंड करूं शकत नाहीं; ताकीद देऊं शकते, ठपका ठेवूं शकते. तेवढ्यानें काय होणार, असें कोणी म्हणेल. आणि खरोखर कांहीं पत्रांना त्याचें कांहींच वाटत नाहीं. दुसरी एक व्यवस्था यापेक्षां मला अधिक आवडते. इंग्लंडमधील ‘गार्डियन’ पत्रानें १९९७ सालीं, आणि मद्रासच्या, आतां आपण चेन्नई म्हणतों त्या शहरच्या, ‘हिंदू’ पत्रानें २००६ सालीं, आपल्याच कचेरींत एक स्वतंत्र अधिकारी नेमला. वाचकांच्या तक्रारी ऐकावयाच्या, त्या तपासावयाच्या, आणि चुका नांवनिशीवार छापावयाच्या, एवढेंच त्याचें काम. त्याला ‘वाचकांचा संपादक’ म्हणतात. जो माल ओततो त्यानेंच तपासूं नये, तपासणारा निराळा असावा, हा नियम फौंड्रींत फार दिवसांपासून आहे.

राहतां राहिला त्या माउलीच्या भावाचा प्रश्न. त्याला संपादकानें काय उत्तर द्यावें, हें मीं दहावीच्या विद्यार्थ्यांना निबंधासाठीं द्यावें असें सुचवितों. माझें स्वतःचें उत्तर असें आहे. तें बातमीच्याच जागीं, बातमीच्याच अक्षरांत, वेळ घालून छापलें जावें: ‘काल सायंकाळीं सहा वाजतां आम्हीं कागल एमआयडीसींत भट्टीचा स्फोट होऊन दोन कामगार ठार झाल्याचें वृत्त दिलें. तें खोटें होतें. स्फोट झाला नाहीं, कोणी मृत्यु पावलें नाहीं, व ज्या कारखान्यांत दोघांचे हात भाजले तो कागलचा नाहीं. कारखान्याला विचारण्यापूर्वींच आम्हीं वृत्त दिलें, ही चूक आमची. फाटकावर धांवत आलेल्या कुटुंबीयांची आम्ही क्षमा मागतों. ही चूक एका वाचकानें पत्र लिहून आमच्या नजरेस आणून दिली; त्याचे आभार.’ विद्यार्थ्यांनीं यापेक्षां चांगलें उत्तर लिहून दाखवावें. तें लिहितांना ‘अनवधानानें’ हा शब्द वापरूं नये, एवढीच अट.

प्रस्तुत लेखांत एखादा सन, नांव किंवा आंकडा चुकलेला आढळल्यास वाचकांनीं पान व ओळ यांचा निर्देश करून अंकाच्या संपादकमंडळाकडे कळवावें. पुढील वर्षाच्या अंकांत, याच विभागाच्या पहिल्या पानावर, कळविणाऱ्याच्या नांवासह ती दुरुस्ती छापावी, अशी विनंति मीं मंडळास आधींच करून ठेविली आहे.